सूड घेणारा निवांत, जिंकणारा अस्वस्थ: अश्वत्थामा आणि युधिष्ठिर

औदुंबर

महाभारताच्या अठरा पर्वांतलं दहावं, सौप्तिकपर्व, आकाराने अगदी लहान आहे. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत त्याचे अठराच अध्याय आहेत. पण वाचून संपलं की कितीतरी दिवस डोक्यातून जात नाही.

युद्ध संपलंय. दुर्योधन मांडी फुटून पडलाय. कौरवांकडचे तिघेच उरलेत: अश्वत्थामा, कृपाचार्य, कृतवर्मा. रात्री एका वडाखाली थांबलेले असताना अश्वत्थामा बघतो की घुबड आलं आणि झोपलेल्या कावळ्यांना त्याने टिपून टिपून मारलं. तिथेच त्याचा बेत ठरतो. पांडवांच्या छावणीत शिरून तो धृष्टद्युम्नाला मारतो, शिखंडीला मारतो, द्रौपदीच्या पाचही मुलांना मारतो. छावणी झोपेत असताना. मग दुर्योधनाला ही बातमी सांगायला जातो. दुर्योधन ती ऐकून समाधानाने प्राण सोडतो.

दुसऱ्या बाजूला युधिष्ठिर. युद्ध जिंकलेला माणूस. शांतिपर्व उघडलं की तो म्हणतोय, मला राज्य नको, मी वनात जातो. त्याने एकाही झोपलेल्याला मारलेलं नाही. त्याच्या नावावर मोठं पाप म्हणून लोक एक अर्धवट उच्चारलेलं वाक्य सांगतात.

माझा प्रश्न असा आहे. ज्याने सगळ्यांत भयंकर सूड घेतला त्याला पश्चात्ताप नाही, आणि ज्याने त्या मानाने थोडं केलं तो आयुष्यभर जळतो. हे व्यासांनी मुद्दाम असं मांडलंय का? मला वाटतं, मुद्दाम मांडलंय. अपराधाची टोचणी गुन्ह्याच्या आकारावर ठरत नाही, ती माणसाच्या आत किती सचोटी शिल्लक आहे त्यावर ठरते. तुम्हाला काय वाटतं?

मिरजेची_मैना

विषय आवडला. वाचतेय. घरात मुलाला विचारलं, "अश्वत्थामा कोण रे?" तो म्हणाला, "हत्ती." आता आज रात्री गोष्ट सांगणं आलं.

कृष्णाकाठ

धागा चांगला आहे, पण मला मूळ मत पटत नाही. अश्वत्थाम्याला आपण काय करतोय ते कळत नव्हतं, असं मानून तुम्ही चाललाय. त्याला पुरतं कळत होतं. कृपाचार्य त्याला समजावतात तेव्हा तो म्हणतो, बापाला मारणाऱ्या पांचालांना मी रात्री झोपेत मारीन, मग पुढच्या जन्मी किडा किंवा पतंग झालो तरी चालेल. "कामं कीटः पतङ्गो वा जन्म प्राप्य भवामि वै."

हे आंधळ्या माणसाचं बोलणं नाही. किंमत माहीत आहे आणि ती द्यायला तो तयार आहे. स्वतःशी इतकं खरं बोलणारी माणसं महाभारतात फार नाहीत. युधिष्ठिर मात्र द्रोणांपुढे "अश्वत्थामा मेला" हे मोठ्याने म्हणाला आणि "हत्ती" हे ऐकू येणार नाही असं म्हणाला. सचोटी कोणाकडे जास्त?

वकीलकाका_नाशिक

कृष्णाकाठ, तुमचाच मुद्दा मी उलटा मांडतो. अजाणता केलं असतं तर दोष हलका झाला असता. त्याला सल्ला मिळाला होता. कृपाचार्यांनी स्पष्ट सांगितलं, आपण आधी धृतराष्ट्र, गांधारी आणि विदुर यांना विचारू, ते सांगतील तसं करू. झोप घे, सकाळी आम्ही दोघं तुझ्यासोबत लढू, असंही सांगितलं. म्हणजे थांबायला वेळ होता, पर्याय होता, शहाणा माणूस शेजारी बसलेला होता. रागाच्या भरात हात उचलला गेला, असा हा मामला नाही.

दुसरी बाजूही सांगतो. द्रोण शस्त्र खाली ठेवून रथातच योगाला बसले होते. धृष्टद्युम्नाने केस धरून त्यांचं डोकं उडवलं. अर्जुन "मारू नकोस, जिवंत आण" असं ओरडत राहिला. मुलाच्या छातीत आग पेटायला हे पुरेसं आहे. धृष्टद्युम्नापुरता अश्वत्थाम्याचा राग मला समजतो. तो "निदान शस्त्राने तरी मार" म्हणून विनवतो आणि अश्वत्थामा त्याला लाथांनी तुडवून मारतो, तेही एक वेळ समजतं. पण द्रौपदीची पाच मुलं? त्यांचा द्रोणवधाशी काय संबंध? इथे सूड संपला आणि निव्वळ कत्तल सुरू झाली.

औदुंबर

वकीलकाका, शब्दाशब्दाला सहमत.

कृष्णाकाठ, किंमत माहीत असणं म्हणजे सचोटी, हे मला मान्य होत नाही. ती किंमत त्याने एकट्याने दिली का? त्या मुलांनी दिली.

दोघांची_आई

या धाग्यावर द्रौपदीचं नाव फक्त "तिची पाच मुलं" एवढ्यापुरतं आलंय, म्हणून लिहिते.

एका रात्रीत तिचे भाऊही गेले आणि मुलंही गेली. तिला निरोप मिळतो आणि ती येऊन युधिष्ठिराला काय म्हणते ते वाचा. ती म्हणते, छान झालं, तुला सगळी पृथ्वी मिळाली, आता मुलांची आठवणही येणार नाही तुला. मग ती प्रायोपवेशनाला, म्हणजे मरेपर्यंत उपाशी, बसते. अश्वत्थाम्याला मारा, त्याच्या डोक्यावरचा जन्मजात मणी आणून दाखवा, तो तुमच्या मस्तकावर बघेन तेव्हाच मी जगेन. भीमाला ती स्वतः उठवते. नकुल सारथी होतो आणि भीम निघतो.

सूड फक्त पुरुषांच्या खात्यावर मांडू नका, इतकंच म्हणणं आहे. आणि तिला दोषही देऊ नका.

टाळमृदंग

पण ताई, आम्ही लहानपणापासून कीर्तनात ऐकलेली द्रौपदी अशी नाही. अर्जुन अश्वत्थाम्याला दोरीने बांधून आणतो आणि द्रौपदी म्हणते, सोडा, सोडा त्याला. तो गुरुपुत्र आहे. मी जशी मुलांसाठी रडतेय तशी त्याची आई रडू नये. बुवा हे सांगायचे तेव्हा मंडपातल्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या. आमच्या आजीला तो भाग पाठ होता.

दोघांची_आई

टाळमृदंग, तो प्रसंग भागवतातला आहे, पहिल्या स्कंधाचा सातवा अध्याय. "मा रोदीदस्य जननी" हा श्लोक फार सुंदर आहे आणि तुमच्या आजीला तो पाठ होता याचा मला आनंद वाटला. माझ्याही आवडीचा आहे.

पण महाभारतात तसं घडत नाही. तिथे अश्वत्थाम्याला कोणी बांधून आणत नाही. भीम मणी घेऊन येतो, तिच्या हातात देतो आणि सांगतो, त्याचं यश गेलं, शरीर तेवढं राहिलंय. तेव्हा ती म्हणते की मला ऋण फेडायचं होतं, गुरुपुत्र मला गुरूसारखाच आहे, हा मणी राजाने मस्तकावर बांधावा. तिचा राग थांबतो तो हिशेब पुरा झाल्यावर.

भागवतातली द्रौपदी मला देवळातल्या मूर्तीसारखी वाटते, नमस्कार करावा अशी. महाभारतातली उपाशी बसलेली बाई माझी आहे. मुलं गमावलेल्या आईने त्याच क्षणी क्षमा करावी ही अपेक्षा मला क्रूर वाटते.

मिरजेची_मैना

दोघांची आई, तुमचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काहीच सुचलं नाही. अनुमोदन.

सातपुड्याचा_वारा

थोडं अवांतर. आमच्या नंदुरबारकडे अश्वत्थामा अजून आहे, असं मानणारी माणसं आहेत. सातपुड्यात धडगावच्या बाजूला अस्तंब्याचा डोंगर आहे. दिवाळीत तिथे यात्रा असते. तळोद्याकडून माणसं पायी निघतात, वर चढतात, अस्तंबा ऋषीचं दर्शन घेतात. अस्तंबा ऋषी म्हणजे अश्वत्थामाच. आदिवासी समाजाची मोठी यात्रा आहे ही, गुजरातकडूनही लोक येतात. घरातली मोठी माणसं सांगत की कपाळावरच्या जखमेसाठी तो तेल मागत फिरतो आणि वाट चुकलेल्याला वाटही दाखवतो.

आता गंमत बघा. ग्रंथात ज्याला शाप देऊन हाकललं, ज्याच्याशी कोणी बोलू नये असं सांगितलं, त्याला भेटायला इथे माणसं रात्रभर डोंगर चढतात. मी जाऊन आलोय. तिथे कोणाच्या मनात त्याच्याबद्दल घृणा दिसत नाही. दुखणाईत माणसाला भेटायला यावं तशी येतात. त्याला पश्चात्ताप झाला की नाही हे ग्रंथवाल्यांनी ठरवावं, आमच्याकडे त्याची शिक्षा पुरे झाली असं लोकांनी कधीच ठरवून टाकलंय.

परिक्रमावासी

नर्मदेच्या काठावरही हीच कथा सांगतात. शूलपाणीच्या झाडीत त्याला बघितल्याचं सांगणारे लोक परिक्रमेत हमखास भेटतात. बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावरही तेच. किल्ल्यातल्या महादेवाला पहाटे फूल वाहून जातो म्हणतात.

पोथीवाला

याच ओघात एक नोंद. महाभारतातला कृष्णाचा शाप अमरत्वाचा नाही. तीन हजार वर्षांचा आहे: एकटा, सोबतीशिवाय, अंगाला रक्त आणि पुवाची दुर्गंधी, रानावनातून भटकत राहशील. "अश्वत्थामा बलिर्व्यासो" हा सात चिरंजीवांचा श्लोक आपण वाढदिवसाला म्हणतो, ती परंपरा वेगळी. तेव्हा सातपुड्याचा वारा म्हणतात ते एका अर्थाने ग्रंथाला धरूनच आहे, शिक्षेला मुदत होती.

आता मूळ मुद्दा. औदुंबर म्हणतात त्याला पश्चात्ताप नाही. पण भीम मागावर आल्यावर तो ब्रह्मशिर हे संहारक अस्त्र सोडतो आणि व्यास आणि नारद मध्ये उभे राहतात, तेव्हा अश्वत्थामा व्यासांना काय सांगतो ते बघा. भीमाच्या भयाने मी हे सोडलं, आणि रागाने भरलेल्या मनाने मी हे पाप केलं. पाप हा शब्द त्याच्या तोंडचा आहे.

आणि त्याच दमात तो अस्त्र पांडवस्त्रियांच्या गर्भांवर वळवतो.

मला सगळ्या पर्वातली सर्वांत भीतिदायक जागा ही वाटते. झोपलेल्यांची कत्तलही तिच्यापुढे कमी वाटते. स्वतःच्या तोंडाने पाप म्हणायचं आणि तेच पुढे चालू ठेवायचं.

कृष्णाकाठ

पोथीवाला, ही जागा तुम्ही बरोबर धरलीत. मी वर त्याच्या खरं बोलण्याचं कौतुक केलं, ते बोलणं खरंच आहे, हे मी अजूनही म्हणेन. पण खरं बोलून माणूस बदलत नाही, हे इथे दिसतं.

पोथीवाला

अजून एक आहे. अस्त्र मागे घेण्याचा प्रसंग वाचताना सचोटीची व्याख्याच हाताला लागते. अर्जुन आणि अश्वत्थामा दोघांकडे एकच अस्त्र, शिकवणारा गुरू एकच. अर्जुन म्हणतो, मी मागे घेतो, आणि घेतो. अश्वत्थाम्याला ते जमत नाही. कारण दिलंय: व्रत पाळलेला, सत्याने वागलेला, मनावर ताबा असलेला माणूसच ते परत बोलावू शकतो. सोडायला ताकद पुरते.

त्याआधी कृष्ण एक जुनी आठवण सांगतो. अश्वत्थामा द्वारकेला येऊन त्याचं सुदर्शन चक्र मागतो. कृष्ण म्हणतो, घे. तो डाव्या हाताने उचलायला जातो, हलत नाही. उजव्याने जातो, तरी हलत नाही. मग कृष्ण विचारतो, तुला हे कशाला हवं होतं? तो म्हणतो, तुझ्याशीच लढायला. द्रोणांनाही पोराचा हा स्वभाव माहीत होता. अर्जुनाला अस्त्र त्यांनी आपण होऊन दिलं, मुलाला त्याच्या हट्टापायी, मनाविरुद्ध.

सिएटलची_मनू

माझी मुलगी हायस्कूलमध्ये एस्किलसचं ओरेस्टेसचं नाटक शिकतेय, त्यामुळे आमच्याकडे जेवताना हाच विषय असतो. बापाच्या खुनाचा सूड म्हणून ओरेस्टेस आईला मारतो. अपोलोची आज्ञा असते, तरी सूडदेवता त्याच्या मागे लागतात. शेवटी अथेना अथेन्समध्ये न्यायसभा बसवते, मतं समसमान पडतात आणि तो सुटतो. इसवी सनापूर्वी ४५८ मध्ये ते रंगमंचावर आलं. म्हणजे ग्रीकांनी सुडाच्या साखळीला शेवटी कोर्टाचं कुलूप लावलं.

मुलीने विचारलं, "आई, आपल्या गोष्टीत कोर्ट का नाही?" मला उत्तर देता आलं नाही. इथे कोणाकडे आहे?

वकीलकाका_नाशिक

मनू, लेकीला माझा आशीर्वाद सांग. फार नेमकं विचारलंय तिने.

आपल्याकडे सभा होती की. द्यूतसभा. भीष्म, द्रोण, विदुर, धृतराष्ट्र, सगळे बसलेले होते. द्रौपदीने तिथे कायद्याचा प्रश्न विचारला: जो स्वतःला आधी हरला त्याला मला पणाला लावायचा अधिकार उरतो का? त्यावर भीष्म म्हणाले, धर्म सूक्ष्म आहे, मला उत्तर देता येत नाही. बोलला तो दुर्योधनाचा धाकटा भाऊ विकर्ण, आणि विदुर. बाकी सभा गप्प. जिथे न्यायसभा अशी गप्प बसते तिथून पुढे माणसं गदा आणि तलवारीनेच न्याय करायला लागतात.

रंगमंचावरचा_धूर

हॅम्लेटबद्दल कोणीच कसं बोललं नाही! आगरकरांनी "विकारविलसित" नावाने मराठीत आणला तोच. त्याला बापाच्या खुनाचा सूड घ्यायचाय. चुलता गुडघे टेकून प्रार्थना करतोय, पाठमोरा, एकटा. तलवार उपसलेली आहे. आणि हॅम्लेट थांबतो. थांबतो ते दयेने नाही. प्रार्थनेत मेला तर स्वर्गात जाईल, पापात सापडू दे, मग मारू, म्हणून. आणि हॅम्लेट निघून गेल्यावर चुलता उठतो आणि म्हणतो, शब्द वर गेले, मन खालीच राहिलं. खुनाने मिळालेलं राज्य आणि राणी हातात ठेवून क्षमा मागता येत नाही, हे त्याला कळलेलं असतं.

अश्वत्थामा "पाप केलं" म्हणतो आणि अस्त्र गर्भावर वळवतो, त्याच्या फार जवळचं आहे हे.

माजी_सैनिक_साताऱ्याचा

मी पुस्तकी माणूस नाही, पण या विषयावर बोलायचा हक्क थोडाफार आहे असं समजतो.

युद्ध सुरू होण्याआधी दोन्ही बाजूंनी नियम ठरवले होते, भीष्मपर्वाच्या सुरुवातीला आहेत. रथीने रथीशी लढावं, पाठ फिरवलेल्याला, शस्त्र नसलेल्याला मारू नये. ते नियम कधी मोडायला लागले ते बघा. अभिमन्यूला अनेकांनी घेरून मारलं, त्या घेऱ्यात द्रोण, कृप, कृतवर्मा आणि हाच अश्वत्थामा होते. भूरिश्रवा दुसऱ्याशी लढत असताना अर्जुनाने त्याचा हात तोडला आणि तो प्रायोपवेशनाला बसलेला असताना सात्यकीने त्याचं डोकं उडवलं. मग द्रोण. मग रथाचं चाक काढणारा कर्ण. मग दुर्योधनाच्या मांडीवर गदा. अश्वत्थामा कृपाचार्यांना म्हणतो तेच, धर्माच्या बंधाऱ्याचे त्यांनी आधीच शंभर तुकडे केलेत, मलाच का सांगता?

हा युक्तिवाद प्रत्येक फौजेत कोणीतरी करतं. समोरच्याने केलं म्हणून आपण. ज्या दिवशी तुकडीतला वरिष्ठ त्याला मान डोलावतो, त्या दिवशी ती तुकडी गेली. कृपाचार्यांनी आधी नाही म्हटलं आणि नंतर तेच छावणीच्या दारावर उभे राहिले. आतून पळून येणाऱ्यांना, हात जोडणाऱ्यांना त्यांनी आणि कृतवर्म्याने कापलं. तीन ठिकाणी आग लावली. माझा राग अश्वत्थाम्यापेक्षा कृपांवर जास्त आहे.

गोदातीर

माजी सैनिक, कृतवर्म्याचं पुढे काय झालं तेही इथे यायला हवं. युद्धानंतर ३६ वर्षांनी, मौसलपर्वात, प्रभासला यादव दारू पिऊन बसलेत. सात्यकी कृतवर्म्याला हिणवतो: झोपलेल्यांना मारणारा क्षत्रिय कुठला? कृतवर्मा म्हणतो, आणि हात तुटून बसलेल्या भूरिश्रव्याला मारणारा? सात्यकी उठतो आणि त्याचं डोकं उडवतो. कृतवर्म्याची माणसं हातात सापडतील त्या उष्ट्या भांड्यांनी सात्यकीला मारतात, आणि मग सगळा यादववंश एकमेकांना संपवतो.

छत्तीस वर्षं दोघं एकाच गावात राहिले, एकत्र जेवले असतील, पोराबाळांच्या लग्नांना गेले असतील. आणि ती रात्र दोघांच्याही पोटात तशीच होती. दोघांनाही दुसऱ्याचं पाप लख्ख दिसत होतं. औदुंबर, तुमच्या प्रश्नात ही तिसरी जात धरा: पश्चात्ताप नाही, निवांतपणाही नाही.

औदुंबर

गोदातीर, हा प्रसंग माझ्या मनात या धाग्याशी जोडलेला नव्हता. फार मोलाची भर घातलीत.

माजी सैनिकांनी कृपाचार्यांचं नाव काढलंच आहे, तर पुढचं सांगतो. पांडव महाप्रस्थानाला निघतात तेव्हा युधिष्ठिर अभिमन्यूच्या मुलाला, परीक्षिताला, शिष्य म्हणून कोणाच्या हवाली करतो? कृपाचार्यांच्या. ज्या रात्रीने उत्तरेच्या पोटातल्या या मुलावर अस्त्र आणलं, त्या रात्री दारावर उभा असलेला माणूस त्याचा गुरू होतो. ग्रंथात त्यावर कोणी काही बोलत नाही. युधिष्ठिरही नाही, सुभद्राही नाही.

माजी_सैनिक_साताऱ्याचा

हे वाचून अंगावर काटा आला. पण मग तुमचा युधिष्ठिर सचोटीचा कसा? त्याने माफ केलं, की सोयीचं म्हणून डोळेझाक केली?

दोघांची_आई

आणि हे उत्तरेला कोणी विचारलं का?

पोथीवाला

स्त्रीपर्वात एक ओझरता प्रसंग आहे, तो या वादात महत्त्वाचा. कत्तलीनंतर तिघं धृतराष्ट्राला आणि गांधारीला वाटेत भेटतात. बोलतात ते कृपाचार्य. ते गांधारीला सांगतात, आम्ही झोपलेल्यांना मारलं, आता पांडव सुडाने येतील, आम्हाला थांबता येणार नाही, निरोप द्या. आणि तिघं तीन दिशांना जातात. कृप हस्तिनापूरला, कृतवर्मा आपल्या राज्यात, अश्वत्थामा व्यासांच्या आश्रमाकडे. लपवलं नाही, नाकारलंही नाही. कृप पळून दूर गेले नाहीत, ज्यांची माणसं मारली त्यांच्याच गावात येऊन राहिले. त्यांच्या मनात काय होतं ते व्यासांनी सांगितलेलं नाही.

वकीलकाका_नाशिक

गावात राहिले कारण आश्रय होता. यात नैतिक काही शोधू नका. कुलगुरूला कोणी हात लावणार नाही याची त्यांना खात्री होती.

मिरजेची_मैना

काका, तुम्ही कृपांना जामीनसुद्धा देणार नाही असं दिसतंय :)

वकीलकाका_नाशिक

अजिबात नाही.

गोदातीर

युधिष्ठिराकडे या परत. वर कोणीतरी म्हणालं की त्याने "त्या मानाने थोडं केलं". स्वतः युधिष्ठिर तसं समजत नाही. द्रोणांना फसवायचा बेत ठरला तेव्हा अर्जुनाला तो आवडला नाही, बाकी सगळ्यांना आवडला आणि युधिष्ठिराने कसाबसा, जड मनाने मान्य केला. त्याचा रथ जमिनीच्या चार बोटं वर चालायचा, त्या क्षणी खाली टेकला. पुढे अर्जुन त्याला तोंडावर सांगतो की वालीवधामुळे रामाला लागला तसा हा कलंक तुला लागेल. युद्ध चालू असताना, थोरल्या भावाला.

मग कर्ण आपला थोरला भाऊ होता हे कळतं. युद्धानंतरचं युधिष्ठिराचं रडणं यातून आलंय. भाऊ चिडतात, द्रौपदी त्याला वेडा म्हणते. भीष्म शरपंजरी पडून शांतिपर्व आणि अनुशासनपर्व भरेल इतका उपदेश करतात. अश्वमेध होतो. आणि यज्ञ संपल्यावर अर्धं अंग सोन्याचं झालेलं मुंगूस येऊन सांगतं की कुरुक्षेत्रातल्या उपाशी ब्राह्मणाने अतिथीला दिलेल्या सातूच्या पिठाची सर या यज्ञाला नाही. म्हणजे प्रायश्चित्त म्हणून केलेल्या यज्ञानेही त्याची सुटका होत नाही.

स्वर्गारोहणात त्याला नरक बघावा लागतो, आणि कारण सांगितलं जातं: तू द्रोणांना कपटाने फसवलंस, म्हणून तुला नरकही कपटानेच दाखवला. तिथे भावांचे आवाज ऐकू येतात. देवदूत म्हणतो, चला परत. तो म्हणतो, मी इथेच राहतो, माझ्या असण्याने यांना बरं वाटतंय. हे वाक्य पश्चात्तापाचं फळ आहे, असं मी मानतो. आधीचा युधिष्ठिर फक्त धर्म विचारत फिरायचा.

कृष्णाकाठ

गोदातीर, युधिष्ठिराबद्दलचा माझा राग या प्रतिसादाने बराच उतरला. तरी कृपाचार्यांना परीक्षित सोपवणं मला अजून गिळता येत नाही.

निवांत_दुपार

उशिरा आले, पण सगळा धागा वाचून लिहितेय. तुम्ही सगळे सौप्तिकापासून सुरुवात करताय. साखळी फार मागे जाते. गरीब घरातल्या पोराला दूध माहीत नाही. श्रीमंतांची मुलं त्याला पिठाचं पाणी दूध म्हणून पाजतात आणि तो नाचतो, मी दूध प्यालो म्हणून. तो पोरगा अश्वत्थामा. ते बघून द्रोण जुन्या मित्राकडे, द्रुपदाकडे जातात, तो अपमान करतो. द्रोण शिष्यांकरवी त्याला पकडून आणून अर्धं राज्य घेतात. द्रुपद द्रोणांना मारणारा मुलगा हवा म्हणून यज्ञ करतो. त्या यज्ञाच्या अग्नीतून धृष्टद्युम्न येतो, आणि त्याच यज्ञाच्या वेदीतून द्रौपदी. मग द्रोणवध, मग सौप्तिक. पिठाच्या पाण्यावर नाचलेलं मूल मोठं होऊन द्रुपदाच्या नातवंडांना मारतं.

आणि साखळी पुढेही जाते. वाचलेला परीक्षित तक्षकाच्या दंशाने मरतो. त्याचा मुलगा जनमेजय सूड म्हणून सर्पसत्र मांडतो, हजारो साप आगीत पडतात. महाभारत आपण ऐकतो ते तिथेच. वैशंपायन जनमेजयाला ही सगळी कथा त्या सर्पसत्राच्या मधल्या वेळात सांगतो. म्हणजे सुडाचे परिणाम सांगणारी एवढी मोठी गोष्ट, सूड घेत बसलेल्या माणसाला, सूड चालू असताना सांगितली जातेय.

मनूच्या लेकीला हे सांगायला हवं. कोर्ट नाही, पण ऐकणारा एक आरोपी आहे.

सिएटलची_मनू

निवांत दुपार, आत्ताच तिला वाचून दाखवलं. तिचा पुढचा प्रश्न: मग गोष्ट ऐकून जनमेजयाने यज्ञ थांबवला का?

पोथीवाला

नाही. आस्तिक नावाचा मुलगा येतो. त्याची आई नागकुळातली, बाप ऋषी. तो यज्ञाची स्तुती करतो, राजा खूश होऊन वर माग म्हणतो. आस्तिक म्हणतो, यज्ञ थांबव. राजा सोनं देतो म्हणतो, गायी देतो म्हणतो. आस्तिक ऐकत नाही. तक्षक आगीच्या वर अधांतरी लटकलेला असतो. शेवटी सदस्य म्हणतात, वर दिलाय तर पुरा कर. आणि जनमेजय थांबतो.

म्हणजे त्याला टोचणी लागली असं आदिपर्वात कुठेही नाही. शब्द दिला होता म्हणून तो थांबला.

औदुंबर

पोथीवाला, मग माझं पहिलं मत इथे अपुरं पडतं असं कोणी म्हणेल. मी तसं म्हणणार नाही. अश्वत्थाम्याला व्यास आणि नारद समोर उभे राहून थांब म्हणाले, आणि त्याला थांबता आलं नाही. जनमेजयाला एका पोराने थांब म्हटलं आणि तो थांबला, मनात राग तसाच असताना. अस्त्र परत बोलावणं म्हणतात ते हेच असेल. पश्चात्ताप नंतर येवो न येवो.

दोघांची_आई

राग तसाच असताना थांबणं. हे मला पटलं. मणी हातात आल्यावर द्रौपदीनेही तेच केलं, हे विसरू नका.

माजी_सैनिक_साताऱ्याचा

आणि कृपाचार्य थांबले नाहीत, हेही विसरू नका. "सकाळी लढू" म्हणणारा माणूस पहाटेपर्यंतसुद्धा टिकला नाही.

निवांत_दुपार

कृपांवर वेगळा धागा काढा कोणीतरी. त्यांचं लहानपण, शरस्तंबात (बोरूच्या बेटात) सापडलेली दोन मुलं, बहीण कृपी, भाचा अश्वत्थामा. मामा म्हणून ते भाच्यामागे गेले का, हा प्रश्न तिथे घेऊ. वकीलकाकांनी सरकारी बाजू मांडावी, पोथीवाल्यांनी बचावाची.

वकीलकाका_नाशिक

कबूल. रविवारी काढतो.